काही होत नाही, म्हणजे काही नाही?

आज आधी एक छोटा प्रयोग करू या. टीव्हीचा रिमोट हातात घ्या, त्याच्या टोकाचा बारीक दिवा आपल्याकडे वळवा आणि कोणतेही बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि त्याच्या पडद्यावर तोच दिवा बघत पुन्हा बटण दाबा. जांभळट-पांढरा उजेड लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात पाहा. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हा उजेड अडवणारी काच असते.)

तो उजेड मघाशीही तिथे होताच. फक्त आपल्या डोळ्यांना त्याची दखल नव्हती. त्याला अवरक्त किरण म्हणतात. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून तापमान मोजले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सर्वांत जास्त चढला. डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो, हे असे पाऱ्याने सांगितले.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर लांबीच्या लहरी आपल्याला प्रकाश म्हणून दिसतात. त्याच जातीच्या लहरी याच्या हजारो पटींनी आखूड असतात आणि कोट्यवधी पटींनी लांबही असतात. त्या सगळ्या आपल्या आजूबाजूला आहेत, पण त्यांच्यासाठी आपल्याला इंद्रिय नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने गेले की नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या या लांब लहरी टिपण्यासाठी प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. दिवसा, ढगाळ हवेतही ती काम करते, कारण तिला आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची गरजच नाही.

कानांचेही तेच. संध्याकाळी वारज्यात नदीच्या बाजूला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती किडे टिपणारी छोटी वटवाघळे भिरभिरत असतात. ती सतत ओरडत असतात आणि आवाज कुठून परत येतो त्यावरून किडा हेरतात. आपल्याला मात्र ती मुकी वाटतात. माणसाचा कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो, वटवाघळांची हाक बहुधा त्याच्या वर असते. त्यातही ही २०,००० ची मर्यादा लहान मुलांची. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला वरचे बरेच आवाज केव्हाच ऐकू यायचे बंद झालेले असतात, आणि ते बंद झाल्याचे कळतही नाही.

या सगळ्याचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध अगदी जवळचा आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, ‘डॉक्टर, मला तर काहीच होत नाही, मग गोळी कशाला?’ या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे: जे मला जाणवत नाही, ते नाही. तत्त्वज्ञान या समजुतीशी फार जुन्या काळापासून झगडत आले आहे. आमच्या धंद्यात मात्र ती रोज कुणाचे तरी मूत्रपिंड, कुणाचा तरी पाय, कुणाचा तरी जीव घेऊन जाते.

चरकांची आठ कारणे

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८१ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की वस्तू आपल्याला कशी दिसते एवढेच आपण जाणतो. आपली इंद्रिये आणि आपले मन यांच्या चौकटीतून गाळून ती आपल्यापर्यंत येते. ती मुळात कशी आहे हे आपल्या आवाक्याबाहेर आहे. हा विचार जगभर शिकवला जातो. पण आपल्याकडच्या एका वैद्यकग्रंथात याच प्रश्नाची फार व्यवहारी मांडणी आहे आणि ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीही क्वचितच वाचलेली असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय. तिथे चर्चा चालली आहे पुनर्जन्माची. जे प्रत्यक्ष दिसते तेवढेच खरे, असे म्हणणाऱ्यांना चरक उत्तर देतात. पुनर्जन्माबद्दलचे त्यांचे मत ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावे किंवा सोडावे. पण जाता जाता ते जे सांगतात ते आजच्या डॉक्टरलाही पटावे असे आहे. प्रत्यक्ष कळणारे थोडे असते आणि न कळणारे फार, असे ते म्हणतात. ज्या इंद्रियांनी आपण सगळे जाणतो ती इंद्रियेसुद्धा प्रत्यक्ष दिसत नाहीत, असा टोलाही लगावतात. मग असलेली वस्तू न कळण्याची आठ कारणे देतात: ती फार जवळ असते, फार लांब असते, आड काही आलेले असते, इंद्रिय दुबळे असते, मन ठिकाणावर नसते, ती सारख्याच वस्तूंमध्ये मिसळलेली असते, दुसऱ्या जोरकस गोष्टीने झाकोळलेली असते, किंवा ती अतिसूक्ष्म असते. सांख्यकारिकेतही जवळजवळ अशीच यादी आहे.

यातली काही कारणे सांगताच पटतात. फार लांबचे उदाहरण खोडदच्या तबकड्यांनी दिलेच. झाकोळण्याचे उदाहरण म्हणजे दिवसाचे तारे. आता तर महामार्गाच्या आणि इमारतींच्या दिव्यांमुळे ते रात्रीही दिसेनासे झाले आहेत. गजबजलेल्या वॉर्डात हृदयाच्या झडपेचा बारीक आवाज असाच बुडून जातो. म्हणून डॉक्टर छाती तपासताना ‘जरा गप्प बसा’ म्हणाले तर रागावू नका. आड आलेल्याचे उदाहरण आपली कातडी आणि बरगड्या. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि माणूस न कापता त्याच्या आत डोकावता येऊ लागले. आता मी जरा रेंगाळणार आहे ती उरलेल्या कारणांपाशी, कारण त्यांच्यापायी रोज नुकसान होते.

डोळ्यातलेच भोक

फार जवळ असलेले दिसत नाही, याचा पडताळा घरी घेता येतो. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सात सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. कागद हात लांब करून धरा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण पंचवीस सेंटीमीटरवर ठिपका अचानक नाहीसा होईल. आणखी जवळ आणला की परत दिसेल.

डोळ्याच्या पडद्यावरून दृष्टीची नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. म्हणजे प्रत्येकाच्या नजरेला जन्मापासून एक भोक आहे. पण त्या जागी आपल्याला काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या कागदाचा रंग उचलून ते भोक बुजवून टाकतो, आणि चित्र पूर्ण आहे असे आपल्याला सांगतो.

मेंदूची हीच सफाई काचबिंदूत घातक ठरते. या आजारात नजर बहुधा कडेकडेने जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, वाचता येत असते. गेलेला भाग मेंदू भरून काढत राहतो. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासतो, पायरी चुकतो, बाजूने आलेली दुचाकी त्याला दिसत नाही, आणि तो म्हणतो, ‘वयच झाले आता.’ काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्याचा दाब आणि आतली नस तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

पायातून चप्पल निसटते तेव्हा

चरकांचे चौथे कारण, इंद्रिय दुबळे असणे, मधुमेहात शब्दशः खरे होते. ‘आयसीएमआर’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. काहींना आग आणि मुंग्या जाणवतात. ते एका परीने सुदैवी, कारण ते डॉक्टरकडे येतात. पुष्कळांचे पाय निमूटपणे बधिर होतात.

याची खूण सांगतो. चालता चालता पायातून चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावले गेल्यावर दुसरे कुणी हाक मारून सांगते. बुटात खडा असतो आणि तो संध्याकाळी मोजा काढल्यावर सापडतो. चैत्राच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना बाकीचे पाय उचलून पळत असतात, आजोबा मात्र शांतपणे चालत असतात. घरच्यांना त्यांच्या सहनशक्तीचे कौतुक वाटते. रात्री तळव्याला फोड दिसतो. तो चिघळला आणि पू आत गेला, तर बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

दुखणे हा आपला शत्रू वाटतो, पण तो दारावरचा पहारेकरी आहे. तो झोपला की चोर आत आल्याचे कळत नाही. हृदयाच्या बाबतीतही तेच. मधुमेह असलेल्या काही जणांना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येऊन जातो. नुसता घाम, दम किंवा कमालीचा थकवा, एवढेच. पायांची जाणीव तपासायला मोठे यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक विशिष्ट जाडीचा तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात आणि कळले का, असे विचारतात. पाच मिनिटांचे काम. वर्षातून एकदा ते करून घ्या आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा.

रक्तदाबाची गोष्ट याहूनही साधी. तो जाणण्यासाठी शरीरात आतल्या आत यंत्रणा आहे, पण तिचा निरोप आपल्या जाणिवेपर्यंत येत नाही. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा केला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकला. त्याआधी कुणाचाच रक्तदाब सहज मोजता येत नव्हता. आजार मात्र तेव्हाही होता, लोक त्याने मरतही होते. आजही जगात रक्तदाब वाढलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हे माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी सुरू केल्यावर आकडा १३० वर येतो, तो ‘बरा झाला’ म्हणून लोक गोळी थांबवतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो, आणि चढतानाही काही कळत नाही.

न्हाणीघरातला बिनवासाचा वायू

आता एक असे उदाहरण, ज्यात इंद्रियेही फसतात आणि यंत्रही. दर हिवाळ्यात कुठून तरी गॅस गीझरची बातमी येते. कुणी आंघोळीला जाते, दार लावून घेते, बराच वेळ बाहेर येत नाही. दार तोडावे लागते.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. लहानशा बंद न्हाणीघरात थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीही लावलेली असते. आतला प्राणवायू कमी होत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची चुरचुर नाही, ठसका नाही. आपल्या एकाही इंद्रियाला तो लागत नाही. स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण जळताना ते रसायनही जळून जाते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची वर्दी द्यायला कुणी उरत नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, गरगरते, मळमळते, पाय लुळे पडतात. माणसाला वाटते पित्त झाले असेल. दाराची कडी काढण्याइतके बळ राहत नाही.

आता चरकांचे सहावे कारण पाहा: सारख्यात सारखे मिसळणे. अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ किंवा ९९ आकडा दाखवू शकतो! करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवते आणि रक्त ते किती शोषते यावरून प्राणवायू किती ते ठरवते. त्यामागची कल्पना १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्ण आरामात बोलत असताना त्यांचा प्राणवायू घसरलेला आहे, हे याच यंत्राने आम्हाला दाखवले आणि किती तरी जीव वाचवले. पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशात प्राणवायूवाल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. दोन सारखे दाणे एकत्र मिसळावेत तसे. दोन तरंगलांबींच्या यंत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही. त्यासाठी अनेक तरंगलांबी वापरणारे वेगळे यंत्र किंवा रक्ताची तपासणी लागते. उपचार मात्र त्या अहवालासाठी थांबत नाहीत: रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणायचे आणि भरपूर प्राणवायू द्यायचा.

म्हणजे इंद्रियांना मर्यादा आहेत म्हणून यंत्र केले, तर त्या यंत्रालाही त्याच्या मर्यादा आहेत. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला तरी बंद खोलीत गीझर चालू होता, ही माहिती त्या आकड्याहून मोठी ठरते. म्हणून रुग्णालयात आल्यावर काय घडले ते नीट सांगा. डॉक्टरनेही ते विचारायला हवे.

मुठेच्या पलीकडे

अतिसूक्ष्माचे उदाहरण वारजेकरांना लांब शोधावे लागणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुठेच्या पलीकडच्या काठाला, नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या भागात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. आधी जुलाब-उलट्या, मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाणे, काहींना थेट व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही मृत्यूही झाले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली.

यात न कळण्याची दोन कारणे एकत्र आली होती. एक, जिवाणू डोळ्याला दिसत नाही. पाणी नितळ आहे म्हणून ते चांगले, असे आपण धरून चालतो. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते, पण त्यातले सगळे जंतू तुरटीने मरत नाहीत. दुसरे कारण जास्त विलक्षण आहे. या जिवाणूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूला मारायला निघालेली शरीराची संरक्षण यंत्रणा त्या सारखेपणाला फसते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. सारख्यात सारखे मिसळल्याने आपले डोळेच फसतात असे नाही, शरीरातले शिपाईही फसतात.

पुण्याने हा धडा एकदा फार महागात घेतला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये घरे तपासली, सामान बाहेर फेकले, माणसे हलवली. सक्तीने लोक चिडले आणि २२ जून १८९७ ला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगचा जिवाणू हाँगकाँगमध्ये १८९४ मध्येच सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कुणाला कळले नव्हते. उंदीर मरून पडताना सगळ्यांना दिसत होते, पिसवाही दिसत होत्या. दिसत नव्हता तो त्यांच्यातला संबंध. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी तो ओळखला. त्यांच्यावर लवकर विश्वास बसला नाही. पुढे मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्के ठरले. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. जंतू दिसला तरी त्याची वाट दिसत नाही तोवर माणसे मरत राहतात.

मन दुसरीकडे असताना

समोर आहे, डोळे उघडे आहेत, तरी दिसत नाही, असेही होते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सायमन्स आणि चॅब्रिस यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितले. खेळ चालू असताना गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती मधोमध येऊन छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. २०१३ मध्ये हाच प्रयोग क्ष-किरणतज्ज्ञांवर झाला. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या होत्या आणि एका भागात गोरिलाचे चित्र घातले होते. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. वारज्याच्या उड्डाणपुलाखालून मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ‘मी बघतच होतो’ हे त्यांचे म्हणणे खरे असते, पण डोळे बघत असतात आणि मन दुसरीकडे असते.

मग अदृश्य म्हणून काहीही मानायचे का?

इथे एक धोका आहे. न दिसणारे फार आहे, हे मान्य केले की लगेच कुणी तरी दुकान थाटून बसतो. ‘तुमच्याभोवती वाईट लहरी आहेत, त्या विज्ञानाला कळत नाहीत, आमच्या लोलकाला कळतात.’ मग खरे अदृश्य आणि खोटे अदृश्य ओळखायचे कसे?

याची एक छान कथा विज्ञानाच्या इतिहासातच आहे. क्ष-किरण सापडल्यावर काही वर्षांनी, १९०३ मध्ये, फ्रान्सच्या नान्सी शहरातल्या ब्लोंडलो या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ सापडल्याचे जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत एक मंद ठिणगी किंचित उजळते, अशी त्यांची खूण होती. पुष्कळांना ती दिसूही लागली. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड तिथे गेले आणि प्रयोग चालू असताना अंधारात उपकरणातला महत्त्वाचा लोलक त्यांनी गुपचूप काढून घेतला. तरीही ब्लोंडलो यांना किरण दिसतच राहिले. एन-किरण तिथेच संपले. राँटगेन यांचे किरण मात्र कुणीही, कुठेही, त्यांच्यावर विश्वास न ठेवताही पाहू शकत होते. दोन्ही किरण डोळ्याला अदृश्यच होते. फरक पडताळ्याचा होता.

चरकही नुसते ‘न दिसणारे असते’ म्हणून थांबत नाहीत. ते परीक्षेची चार साधने सांगतात: जाणत्यांचा शब्द, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती, म्हणजे अनेक कारणे जुळवून केलेला विचार. आजच्या भाषेत तुम्ही एवढेच विचारा: हे मोजता येते का? दुसऱ्याने मोजले तर तेच येते का? आणि काय घडले तर तुम्ही आपले म्हणणे मागे घ्याल? रक्तदाबाचे यंत्र या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. वाईट लहरी काढणारा देत नाही, तो फक्त पावती देतो, कधी कधी तीही देत नाही.

ज्याला यंत्र नाही

शेवटी डॉक्टरांनाच सांगायची एक गोष्ट, रुग्णांच्या देखत. एक गोष्ट अशी आहे जी आमच्या एकाही यंत्राला कळत नाही, आणि ती म्हणजे दुसऱ्याचे दुखणे. अर्धशिशीत मेंदूचा स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. अंग दुखून रात्र रात्र झोप नसलेल्या बाईचे रक्त-लघवी ठीक असते. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखतो, डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी साधा आरसा वापरून अशा काही रुग्णांना आराम मिळवून दिला, तो आधी ते दुखणे खरे मानले म्हणूनच. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही नाही’ असे डॉक्टर म्हणतो, तेव्हा तोही तेच करत असतो, जे गोळी सोडणारा रुग्ण करतो. मला दिसत नाही, म्हणून ते नाही. अशा वेळी प्रामाणिक वाक्य इतकेच असते: ‘आमच्या तपासण्यांत कारण सापडलेले नाही. तुम्हाला त्रास आहे. पुढे काय करता येईल ते पाहू.’ घरातल्यांनीही सुनेच्या किंवा आजीच्या दुखण्याला ‘नाटक’ म्हणण्याआधी हे आठवावे.

एवढे करा

• तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा, काही होत नसले तरी. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

• मधुमेह असेल तर रोज तळवे पाहा, अनवाणी फिरू नका, चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासून घ्या.

• गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवा. ते शक्य नसेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, मग आत जा. खिडकी किंवा झरोका कधीही बुजवू नका. आंघोळ करताना डोके जड झाले तर लगेच बाहेर या.

• साथीच्या दिवसांत पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून प्या. जुलाबानंतर पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

• दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला बाकीच्या खोकल्यांसारखाच वाटला तरी थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात ती तपासणी मोफत आहे.

पुढच्या वेळी दवाखान्यातला कर्मचारी रांगेत तुमच्या दंडाला पट्टा बांधू लागला, तर ‘मला काही नाही’ म्हणून हात मागे घेऊ नका. तुम्हाला काही आहे की नाही, हे त्या क्षणी तुम्हालाही माहीत नसते.